खेळ, वजन आणि जेवण: तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती:
ऑगस्ट २०२४ मधे पॅरिस ऑलिंपिकला कुस्तीगीर विनेश फोगट फायनलच्या सकाळी १०० ग्रॅमने बाद झाली, तेव्हा आमच्या क्लिनिकमधे येणारा प्रत्येक जण त्यावरच बोलत होता. रात्रभर व्यायाम, सॉना, केससुद्धा कापले, तरी काटा ५० किलोच्या वर. त्याच ऑलिंपिकमधे कुस्तीगीर अमन सेहरावतने रातोरात साडेचार किलोच्या वर वजन उतरवलं आणि ५७ किलोत ब्राँझ घेतलं, ती बातमी मात्र 'काय जिद्द आहे' म्हणून फिरली. दोघांनी केलं ते एकच होतं. एकीचं वजन बसलं नाही म्हणून आपल्याला ते दिसलं, एवढंच.

मी स्पोर्ट्स फिजिओ आहे. नडगीच्या हाडाला बारीक चीर घेऊन मुली येतात. कधीपासून दुखतंय हे विचारते तसं शेवटची पाळी कधी आली हेही विचारते, आणि सोबत आलेले सर किंवा बाबा लगेच मोबाईल बघायला लागतात. व्यायामाच्या मानाने खाणं पुरत नसलं की शरीर काटकसर सुरू करतं, पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, सारखी सर्दी-ताप, मुलांमधे टेस्टोस्टेरॉन घसरतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मधे याला रेड-एस (खेळाडूच्या शरीरात ऊर्जेची तूट) नाव दिलं, त्याआधी हे फक्त बायकांचंच दुखणं समजायचे. आपल्याकडे अजून ते 'शिस्त' म्हणून खपतं. तर लिहा, कुठलाही खेळ चालेल. फक्त स्वतःचे किलो, कॅलरी आणि 'मी असं असं करून उतरवलं' हे नको, वाचणाऱ्यांत कोणीतरी सोळा वर्षांचं असतं आणि ते नेमकं तेवढंच उचलतं. बातमीतले, नियमातले आकडे चालतील. क्लबची, सर-मॅडमची नावं नकोत.

तांबडी माती:
कोल्हापुरात तालमीत होतो. लोकांना वाटतंय पैलवान म्हंजे नुसतं खाणं, दूध, तूप, बदाम, थंडाई. खरं हाय पण ते वर्षातलं ठराविक महिनं. मॅटवरच्या स्पर्धा जवळ आल्या की खुराक बंद आणि बाकीची खात असली तरी तू उन्हात स्वेटर घालून पळ. वजनाच्या दिवशी पहाटं काट्यापुढं रांग, अंगावर लंगोट, हातात केळी न पाण्याची बाटली धरून पोरं उभी, पण तोंडाला लावायची नाही. काट्यावरनं उतरलं की तिथंच पायरीवर बसून साल अर्धवट सोललेलं केळ कोंबायचं, दुसरं हातात तयार. माझं खरं दुखणं सीझन संपल्यावर सुरू व्हायचं. रात्री सगळी झोपली की उठून खायचो, शिळी भाकरी, गूळ, दुसऱ्याच्या ट्रंकेतलं बदाम, काय घावंल ते पोट फुटंस्तोवर, मग मोरीत जाऊन ओकायचो. वस्तादांना कळलं तवा म्हणाले नजर लागली, मीठमोहऱ्या उतरवल्या. माणूस लाख होता, त्यांच्या वस्तादानं त्यांना शिकवलं तेवढंच त्यांना ठाऊक. आता कुस्ती सुटली तरी पंगतीत बसलो की कुणीतरी ताट ओढून न्यायला आल्यागत भराभर गिळतो, बायको म्हणती अहो सावकाश.

घाटातली:
मी लांब पल्ल्याची, ५ आणि १० हजार मीटर. माझी पाळी थांबली तेव्हा ग्रुपमधल्या सीनियर मुलीनेच सांगितलं, चांगलंय, ट्रेनिंग लागू पडलं म्हणजे. सरांना हे सांगायचा प्रश्नच नव्हता. घरी कोणाला संशय आला नाही कारण मी उपवास धरले. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, मग नवरात्र आलं ते तर सोन्याहून पिवळं. आई शेजारणींना कौतुकाने सांगायची आमची पोर किती धार्मिक आहे म्हणून, आणि मी खिचडीसुद्धा 'साबुदाणा पचत नाही' म्हणून बाजूला सारायचे. कोणी जेव म्हणत नाही हो अशा वेळी, उलट नमस्कार करतात. शेवटी पायाचं हाड गेलं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेलं तर त्या म्हणाल्या लग्न झालं की होईल सगळं सुरळीत, हे वाक्य किती जणींनी ऐकलंय हात वर करा. पुढच्या डॉक्टरांनी हाडांची घनता तपासून घेतली आणि रिपोर्ट बघून आधी वय बरोबर लिहिलंय ना ते विचारलं. आता खाते, पाळी येते. टायमिंग परत आलं नाही, हेही लिहिते, कारण सगळे गोड शेवटच सांगतात.

जुना गडी:
मला हे पटत नाही. आमच्या वेळी पण वजनं उतरवायचे, कोणी मेलं नाही. हल्ली सगळ्यालाच डिसऑर्डर म्हणतात, मग मेडल कुठून येणार.

धागाकर्ती:
काका, मेलेत. १९९७ च्या शेवटी अमेरिकेत महिन्याभराच्या आसपास तीन कॉलेज कुस्तीगीर वजन उतरवता उतरवता गेले, त्यानंतर तिथे कॉलेज कुस्तीचे वजनाचे नियम बदलले. आणि मेडलचं म्हणाल तर उपाशी खेळाडूची ताकद आणि रिकव्हरी दोन्ही घसरतात, हे मी रोज टेबलावर बघते.

गच्चीवरचे लाडू:
मुलगा कबड्डीत, किशोर गट. वजनाची मर्यादा ५५ किलो आणि पोरगं त्या वर्षी नुसतं उंच होत होतं, पॅंट चार महिन्यांत आखूड. सर म्हणाले एकच वर्ष सांभाळ, पुढे कुमार गटात ७० पर्यंत मोकळीक आहे. आमच्या घरात सगळेच कबड्डीतले, कोणाला काही वावगं वाटलं नाही. आजी लपवून लाडू द्यायची, ते आम्हाला नंतर गच्चीवर टाकीमागे सापडले, मुंग्या लागलेले. कळलं कोणामुळे तर शाळेच्या बाईंमुळे, प्रार्थनेला चक्कर येऊन पडला दोनदा. बाईंनी बोलावून एवढंच विचारलं, हा रात्री काय जेवतो? आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. अजून खेळतो, वरच्या गटात, बेंचवर जास्त असतो, पण जेवताना बडबडतो पूर्वीसारखा.

परळचा भाई:
बॉडीबिल्डिंग. मुंबई श्री वगैरे. पुरुषांना कोण विचारतंय, आणि आमच्यात तर हाच खेळ आहे ना बॉस. स्टेजवर ज्या दिवशी सगळ्यात फिट दिसतो त्या दिवशी जिना चढवत नाही, पायात गोळे येतात. बहिणीच्या लग्नात मी कोपऱ्यात बसून स्वतःचा डबा उघडला, उकडलेलं, बिनमिठाचं, आणि पाहुणे सेल्फी काढायला, काय कंट्रोल आहे भावा. बहीण अजून ऐकवते की तुझ्या हातचा घास मला मिळाला नाही. शो संपला की वडापावपासून सुरू, थांबताच येत नाही, दोन दिवसांत पाय सुजून चपलेत मावत नाहीत. मग आरसा नको वाटतो, कोणाला भेटावंसं वाटत नाही, हुडी घालून फिरायचं मे महिन्यात. जिममधल्या निम्म्या पोरांचं हेच, बोलत कोणी नाही, प्रोटीनवर बोलतात. मी हे लिहितोय तेही बायकोच्या फोनवरून.

वल्ही:
पुण्यात रोइंग करायचे, लाइटवेट, म्हणजे वजनाची मर्यादा असलेला गट. मुलींना ५९ किलोच्या आत. वरच्या ओपन गटात माझ्या उंचीला काही स्थान नव्हतं आणि खाली येण्यासाठी मी मूळची तेवढी बारीक नव्हते, त्यामुळे कायम मधे लटकलेली. डोक्यात चोवीस तास जेवण, बोटीत बसूनही रेसिपी आठवायचे. पॅरिसनंतर लाइटवेट रोइंग ऑलिंपिकमधून गेलंच. मैत्रिणीने बातमी पाठवली तर आधी हुश्श वाटलं आणि मग भयंकर राग आला, की ज्यासाठी एवढं केलं ती चौकटच कोणीतरी कागदावर आखलेली होती आणि कागदावरच खोडली. सध्या मला भूक लागलीय की नाही हे घड्याळ बघून ठरवावं लागतं, डाएटिशियन म्हणते सिग्नल यायला वेळ लागेल.

ठाणेकर आई:
जिम्नॅस्टिक्स. मुलगी बारा वर्षांची. लिओटार्ड (जिम्नॅस्टचा अंगाला चिकटणारा पोशाख) घातल्यावर 'पोट आत घे' हे तिला दिवसातून इतक्यांदा ऐकावं लागायचं की घरी भाजी आणायला जातानाही पोट आत घेऊनच चालायला लागली. अमेरिकेची जिम्नॅस्ट क्रिस्टी हेनरिच १९९४ मधे २२ व्या वर्षी ॲनोरेक्सियाने (वजनाच्या भीतीने खाणं तोडण्याचा मानसिक आजार) गेली, त्याबद्दल वाचलं त्या रात्री झोप लागली नाही. क्लास बदललाय. नवीन मॅडम वजन घेतच नाहीत.

परदेशस्थ पळपुटा:
मी खेळाडू म्हणवून घेण्याच्या लायकीचा नाही, न्यू जर्सीत आयटीत आहे, चाळिशीत मॅरेथॉनचं वेड लागलं. पळालो नाही तर जेवायचं नाही हा नियम कधी झाला कळलंच नाही. दिवाळीला भारतात आलो तर सगळे म्हणाले वा, काय मेंटेन केलंय. आई तेवढी म्हणाली, आजारी आहेस का रे?

नवीन सभासद:
ताई, मुलगी बॅडमिंटन खेळते, पंधराची. टिफिन भरलेला परत येतो, विचारलं की चिडते, बाथरूममधे फार वेळ जातो. डाएटचे व्हिडिओ सतत. सुरुवात कुठून करू? सरांशी बोलू का आधी?

धागाकर्ती:
आधी सर नको. टिफिनवरून, वजनावरून, दिसण्यावरून बोलणं आजपासून बंद, घरातल्या इतरांच्या दिसण्यावरूनसुद्धा. एक जेवण रोज तिच्यासोबत, टीव्ही नाही, ताटावर लक्ष नाही, शाळेच्या गप्पा. या आठवड्यात फॅमिली डॉक्टरांकडे न्या, 'थकवा वाटतोय म्हणून तपासू' एवढं कारण पुरे. डॉक्टरांना मात्र बाथरूमचं आणि पाळीचं वेगळं गाठून सांगा, म्हणजे नाडी, बीपी, रक्तातलं पोटॅशियम ते बघतील. ओकत असेल तर पोटॅशियम उतरतं आणि त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. चक्कर, छातीत धडधड असं काही असेल तर आठवडा थांबू नका, आजच जा. सोबत मानसोपचारतज्ज्ञ लागतील. ओळखीतलं कोणी नसेल तर टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात, आधी तुम्ही स्वतः फोन करून बघा. सरांना डॉक्टरांची चिठ्ठी हातात आल्यावर सांगा, तोंडी सांगितलं तर 'आई लोकांचं असंच असतं' म्हणून सोडून देतील.