.३२ सेंटर फायर : वॉडकटरच का?

प्रश्न : सेंटर फायर पिस्तूल नेमबाजीत २५ मीटरला .३२ एस अँड डब्ल्यू लाँग या काडतुसात सगळे वॉडकटरच (सपाट तोंडाची गोळी) वापरतात. राउंड नोज (गोल तोंडाची) चालत नाही का? आणि ८३ ऐवजी ९८ ग्रेनची (ग्रेन म्हणजे वजनाचं एकक) गोळी घेतली तर साइट (नेम धरायची खूण) हलवावी लागेल?

उत्तर १ : राउंड नोज मुळात मॅगझिनमध्येच बसणार नाही. वॉडकटर केसच्या (काडतुसाच्या नळकांड्याच्या) तोंडाशी सपाट बसते, मॅगझिन तेवढ्याच लांबीचं असतं. शिवाय राउंड नोज कागद फाडते, कडा दुमडतात, भोक लहान दिसतं. वॉडकटरची धारदार कड पंचसारखं स्वच्छ भोक पाडते, गुणांच्या रेषेवरच्या शॉटचा वाद मिटतो. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर मात्र हा फायदा उरत नाही.

उत्तर २ : साइट तपासाच. जड गोळी सहसा हळू निघते, नळीत जास्त वेळ राहते. तेवढ्यात रिकॉइलने (मागे बसणाऱ्या धक्क्याने) नळीचं तोंड उचललं जातं आणि शॉट वर लागतो. टेकू देऊन पाच-पाच शॉटचे दोन ग्रुप घ्या, मगच साइटचे क्लिक फिरवा. एका शॉटवरून कधीच नको!

उत्तर ३ : पोकळ बुडाची गोळी असेल तर वेगाचा मोह टाळा. गॅसने बूड फुगून रायफलिंगला (नळीतल्या पिळदार खाचांना) घट्ट बसतं, त्यावरच अचूकता अवलंबून आहे. दाब जास्त झाला तर बुडाची कड तुटून नळीत अडकू शकते. आवाज दबका आला की थांबा, पिस्तूल रिकामं करा, नळी आरपार मोकळी दिसल्याशिवाय पुढचा शॉट नाही.