अनुभव धागा : पाणी मुक्कामाला आलं तेव्हा

कृष्णा-पंचगंगेच्या काठाला पूर नवा नाही. नृसिंहवाडीला पाणी दत्ताच्या देवळात चढलं, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारानं बाहेर पडलं, की त्या दक्षिणद्वाराच्या स्नानाला आजही गर्दी होते. पण २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी आलं ते हलेचना. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांवर गेली. तिथं धोका पातळी ४५ आहे. काठावरच्या सगळ्यांनी लिहा. दोन ओळी लिहिल्या तरी चालतील. सुरुवात मी करते.

माझं माहेर शिरोळ तालुक्यात. २००५ ला पाणी दुसऱ्या पायरीला टेकून मागं फिरलेलं. वडील तीच खूण धरून बसले : "तवा आलं न्हाई, आता कुठलं येतंय?" रात्रीत उंबरा बुडाला. म्हशींची दावी कापून त्यांना मोकळं सोडलं आणि आम्ही नावेत बसलो. आठवड्यानं परतलो, तर दार उघडायच्या आधीच वास आला. माळ्यावरच्या शाळूच्या पोत्यांतून मोड बाहेर आले होते, बोटाएवढे, पांढरे. आई त्यांच्यावरून नुसता हात फिरवत राहिली.

ऊस शेतकरी, कुरुंदवाडजवळ
दोन-तीन दिवस पाण्यात राहिला तर ऊस तग धरतो. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, गाळ बसला की शेंडा कुजतो, मग कांडीवरचे डोळे फुटतात आणि वजन जातं. पंचनाम्याला आलेले साहेब रस्त्यावरूनच म्हणाले, "हिरवा दिसतोय की!" अहो, बांधावर तरी या. फुगवटा खालच्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा की विसर्ग वरच्या धरणांचा, यावर आमच्या पारावर अजून भांडणं होतात. मला एवढंच कळतं की खोडवाही, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेला ऊसही, गेला आणि सोसायटीचं कर्ज राहिलं.

करवीर तालुका
हायवे बंद, दूध संकलन बंद. छावणीत रोज दोन्ही वेळा धार काढायची आणि ओतून टाकायची. धार नाही काढली तर म्हशीची कास सुजते. ओला चारा संपला, वाळका भिजला. घरी आणल्यावर महिनाभरात एक म्हैस आटली. दुधाच्या पगारावर माझं घर चालतं.

हरिपूर
आमच्याकडं हळद पेवांत, म्हणजे जमिनीतल्या खोल खड्ड्यांत, वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या पाण्यानं पेवं गेली.

पलूस तालुका
८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटली. आमचं गाव शेजारचं. त्यानंतर मी नावेत पाय ठेवलेला नाही. जुलै लागला की सकाळी उठून आधी कोयना धरणाचा विसर्ग बघायचा. सातबारा, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला टांगलेलं असतं. यंदा त्यात लेकीची दहावीची गुणपत्रिकाही ठेवली.