जुने डॉस गेम्स: आयतं सेटिंग घ्यायचं की स्वतः झटापट करायची?

(फोरमवरची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

टीएसआर
परवा मित्राचा निरोप आला, "गेममध्ये संगीत झकास वाजतंय, बंदूक झाडली की मात्र चिडीचूप. फाइलच खराब आहे का?" फाइल ठणठणीत होती. कुठल्याशा मॅन्युअलमध्ये वाचून त्याने गेमच्या सेटअपमध्ये आयआरक्यू, म्हणजे साउंड कार्डाने प्रोसेसरला हाक मारायची वाट, ५ निवडला होता, आणि डॉसबॉक्स, म्हणजे आजच्या संगणकावर जुने डॉस गेम चालवणारं इम्युलेटर, मुळात ७ देतं. संगीत वाजतं ते कार्डावरच्या एफएम चिपवर, ती सूर स्वतःच तयार करते. तिला गेम ३८८ च्या पोर्टवरून थेट आकडे पाठवतो, त्यात ना इंटरप्ट, म्हणजे अशी हाक, लागत, ना डीएमए, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीतून होणारी वाहतूक. गोळीचा आवाज हा रेकॉर्ड केलेला नमुना. तो डीएमएने कार्डाकडे जातो आणि तुकडा संपला की कार्ड आयआरक्यूवरून हाक मारतं, "पुढचं द्या". तुम्ही ५ च्या दाराशी कान लावून बसलात आणि हाक ७ च्या दारावर आली, तर उठणार कोण? ५ चे ७ केले, गोळी सुटली.

त्यावरून आमचा वाद झाला. तो म्हणतो, कोणीतरी आधीच बसवून दिलेलं पॅकेज घ्यावं, डोक्याला ताप नको. मी अर्धा त्याच्या बाजूने आहे. मेमरीची भानगड आता खुशाल विसरावी. डॉसबॉक्समध्ये सुरुवातीलाच ६३० केबीच्या आसपास मूळ मेमरी (पहिले ६४० केबी, डॉसचे प्रोग्राम चालतात ती) मोकळी मिळते, एक्सएमएस आणि ईएमएस ह्या जादा मेमरी वापरायच्या पद्धती दोन्ही तयार, माउसचा ड्रायव्हर आतच. खऱ्या डॉसवर एवढं स्वप्नातही नव्हतं. आवाज मात्र ज्याचा त्याने निवडावा, कारण कार्ड बदललं की संगीतच बदलतं. बोला.

वरची मेमरी
"मेमरीची भानगड विसरावी" इथेच आपलं फाटलं. माझं ४८६, म्हणजे जुना खराखुरा पीसी, अजून चालू आहे आणि त्यावर ही भानगड म्हणजेच अर्धा खेळ आहे.

गेल्या रविवारचंच सांगतो. गेमला हवेत ५९० केबी, मेमरीत काय बसलंय ते सांगणारी मेम /सी आज्ञा दाखवतेय ५७४ मोकळे. यादी पाहिली तर सीडी ड्राइव्हसाठी लागणारा एमएससीडीईएक्स खाली मूळ मेमरीतच ठाण मांडून बसलेला. मी त्याला लोडहाय, म्हणजे ६४० केबीच्या वरच्या भागात चढवणारी आज्ञा, लावलं होतं, पण वर जागाच नव्हती, म्हणून तो मुकाट खाली उतरला. डॉस अशा वेळी तक्रारही करत नाही. वरची जागा कोणी खाल्ली? मेमरी सांभाळणाऱ्या ईएमएम३८६ ड्रायव्हरच्या पुढे रॅम लिहिलं होतं, म्हणजे ईएमएसची ६४ केबीची पेज फ्रेम, म्हणजे जादा मेमरीत डोकवायची खिडकी, तिथे पाय पसरून बसलेली. रॅम काढून नोईएमएस, म्हणजे ईएमएस नकोच, असं लिहिलं. तरीही गडी वर जाईना! कारण माउस आधी चढत होता आणि नेमका मोठा सलग तुकडा अडवत होता. ड्रायव्हरला चढताना जेवढी जागा लागते ती स्थिरावल्यावर लागते त्याहून जास्त असू शकते, म्हणून जाडा आधी, बारका नंतर. संगणक सुरू होताना चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलमधल्या दोन ओळींची अदलाबदल केली. ६०३.

पुढच्या गेमला ईएमएसच हवं होतं, तो भाग वेगळा. एमएस-डॉस ६ पासून सुरुवातीची सेटिंग ठेवणाऱ्या कॉन्फिग.सिस फाइलमध्ये मेनू करता येतो, तेवढ्यावर भागतं. माझ्या मेनूत सध्या पाच पर्याय आहेत आणि त्यातला चौथा कशासाठी केला होता ते मलाही आठवत नाही.

कंटाळलेला
पाच पर्याय! अहो, त्या काळी ह्याला छंद नव्हतं म्हणत कोणी, छळ म्हणत. पहिल्या आयबीएम पीसीच्या ८०८८ प्रोसेसरला १ एमबीपर्यंतचेच पत्ते कळायचे, त्यातले वरचे ३८४ केबी पडद्याला आणि बायोसला राखून ठेवले, उरले ६४०. १९८१ च्या त्या वाटणीची किंमत आपण पुढे बारा वर्षं मोजली. डूमने १९९३ मध्ये डॉस/४जीडब्ल्यू ह्या जोडप्रोग्रामच्या जोरावर थेट प्रोटेक्टेड मोड, म्हणजे जिथे ६४० केबीची भिंत आड येत नाही तो, गाठला, "४ एमबी दाखवा, बाकी आम्ही बघतो" म्हणाला. त्यानंतर पेज फ्रेमच्या आठवणीने कोणी उसासे टाकल्याचं मला आठवत नाही. गेम खेळायचाय की संगणक खास सेटिंगने सुरू करायची बूट डिस्क जपायचीय ते एकदा ठरवा राव.

वरची मेमरी
दोन्ही. तुम्हाला कोण अडवतंय?

पॅक्ड फाइल
तुम्ही दोघंही मेमरी कमी पडण्यावर भांडताय. इम्युलेटरवर उलटं होतं, मेमरी जास्त झाली म्हणून गेम अडतो. माझ्या नावाची कथा तीच. "पॅक्ड फाइल इज करप्ट" हा निरोप पाहून मी एक गेम तीनदा नव्याने कॉपी केला होता. फाइलला काही झालेलं नसतं. फाइल लहान करणाऱ्या एक्झपॅकने दाबून बसवलेला प्रोग्राम पहिल्या ६४ केबीच्या आत चढला, तर तो स्वतःला उलगडताना गडबडतो. पूर्वी डॉस आणि ड्रायव्हरच तेवढी जागा व्यापून असायचे, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. नावाआधी लोडफिक्स लिहा, ते खालची जागा अडवून ठेवतं, गेम वर सरकतो आणि चालतो. म्हणजे जी जागा वाचवायला वरच्या महाशयांनी रविवार घालवला, ती मी मुद्दाम वाया घालवतो.

तीच गोष्ट मेमसाइझची, म्हणजे डॉसबॉक्समध्ये किती एमबी मेमरी द्यायची त्या सेटिंगची. मूळ आकडा १६ आहे. "होऊ दे खर्च" म्हणून ६३ केला की काही जुने गेम बिचकतात. आणि १९९२ चा अल्टिमा ७ घ्या. तो स्वतःचा वूडू मेमरी मॅनेजर घेऊन येतो, त्याला ईएमएम३८६ समोर नकोच. ईएमएम३८६ प्रोसेसरला व्हर्च्युअल ८०८६ मोडमध्ये ठेवतं आणि ह्या गड्याला प्रोसेसर पूर्ण स्वतःच्या ताब्यात हवा असतो. एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार? तेव्हा टीएसआर, मेमरी विसरून चालत नाही, ती फक्त कमी वेळा आठवावी लागते.

टीएसआर
लोडफिक्सचं मान्य, तो मुद्दा माझ्याकडून सुटला. पण शंभरात किती गेमना हे लागतं? आवाजाची निवड प्रत्येक गेममध्ये करावी लागते. त्याबद्दल कोणीच बोलेना.

एमटी-३२
मी बोलतो. ज्या गेमचं संगीत रोलँड एमटी-३२ ह्या बाहेरून जोडायच्या संगीतयंत्रावर रचलंय, तो ॲडलिबच्या एफएम कार्डावर ऐकणं म्हणजे सनईचा तुकडा पिपाणीवर ऐकणं. एमटी-३२ आलं १९८७ मध्ये. १९८८ च्या किंग्ज क्वेस्ट ४ मध्ये ते आणि ॲडलिब दोन्ही चालतात, लागोपाठ लावून बघा. ॲडलिबची वायएम३८१२ चिप एका वेळी नऊ एफएम आवाज काढते. ते गोड असतील, पण संगीतकाराच्या मनातले नव्हेत.

एक धोक्याची सूचना. एमटी-३२ साठीचं संगीत जनरल मिडीवर, म्हणजे वाद्यांचे क्रमांक ठरवून देणाऱ्या नंतरच्या मानकावर, सोडू नका. वाद्यांचे क्रमांक दोन्हीकडे वेगळे, बासरीच्या जागी भलतंच काही वाजतं. शिवाय बरेच गेम सुरुवातीला स्वतःचे खास आवाज एमटी-३२ मध्ये भरतात, ते जनरल मिडीला कळतच नाहीत. एमटी-३२ चं मुंट नावाचं इम्युलेटर आहे, त्याला मूळ यंत्राच्या रॉम फाइली द्याव्या लागतात. ४८६ वाल्यांसाठी आणखी एक. जुने गेम एमपीयू-४०१ चा, म्हणजे असं यंत्र पीसीला जोडणाऱ्या इंटरफेसचा, इंटेलिजंट मोड मागतात आणि साउंड ब्लास्टर १६ ह्या कार्डाकडे फक्त साधा यूएआरटी मोड असतो. तिथे ती उणीव भरून काढणारा सॉफ्टएमपीयू प्रोग्राम लावा. तेही मेमरी खातं, त्यामुळे वरची मेमरी यांचा पुढचा रविवारही गेला म्हणायचा.

कंटाळलेला
"संगीतकाराच्या मनातले" हे बरं आहे. तेव्हा रोलँड होतं किती जणांकडे? बहुतेकांनी जे ऐकलं ते एफएमच. मला तो टिणटिणाट आठवतो, तोच हवाय. खरा आवाज रचणाऱ्याचा की ऐकणाऱ्याचा?

एमटी-३२
रचणाऱ्याचा. तुमच्याकडे तेव्हा काळा-पांढरा मॉनिटर असता, तर आज गेम काळा-पांढरा खेळला असतात का?

कंटाळलेला
एक-दोन गेम तरी नक्की.

पॅक्ड फाइल
भांडणात एक कामाची गोष्ट राहून जाईल. सेटिंग सगळं बरोबर आणि तरी गेम म्हणतो "साउंड कार्ड सापडलं नाही", तर आयआरक्यूशी खेळत बसू नका, आधी वेग कमी करा. काही जुने गेम कार्डाच्या उत्तराची वाट बघताना नुसते आकडे मोजतात. प्रोसेसर वेगवान असला की मोजणी कार्डाच्या आधीच संपते. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल एफ११ दाबून सायकल्स, म्हणजे प्रोसेसरचा वेग, खाली आणा, कार्ड सापडलं की कंट्रोल एफ१२ ने पुन्हा चढवा. आता हे आयत्या पॅकेजमध्ये बसवणाऱ्याने केलं नसेल, तर टीएसआरचा मित्र करणार काय?

वरची मेमरी
हो, त्या मित्राचं पुढे काय झालं? त्याने घेतलं का पॅकेज?

टीएसआर
नाही घेतलं. काल रात्री त्याला हा सगळा वाद वाचून दाखवला, ॲडलिब, रोलँड, साउंड ब्लास्टर सगळं एकेक करून ऐकवलं. त्याने शांतपणे सेटअप उघडला आणि पीसी स्पीकर, संगणकातला तो साधा पीं-पीं करणारा, निवडला. म्हणे घरी तेव्हा तोच होता.

कंटाळलेला
मित्राला माझा नमस्कार सांगा.

एमटी-३२
आणि माझं सांत्वन.