अनुभव धागा : कुत्री पकडणं, सांभाळणं, परत सोडणं (कोल्हापूर)

निर्बीजीकरणाच्या गाडीवर, शस्त्रक्रियेच्या टेबलाशी किंवा निवाऱ्यात रोज काम करणाऱ्यांनी इथं लिहावं. आपण या कामात कसे आलो ते नको. काय कसं करता, कुठं फसतं आणि का, तेवढंच सांगा.

गाडीवरून :

पहाटे साडेपाच ते साडेसात, एवढीच खरी वेळ. मटणाच्या दुकानांची शटरं वर गेली की कुत्री पांगतात. बोळ असेल तर एकानं पलीकडचं तोंड अडवून नुसतं उभं राहायचं, पळायचं नाही. जाळं समोरून टाका. जाळ्याचं कडं जमिनीला टेकलं की जाळीचं टोक वर उचला, कुत्रं आत शिरलं की कडं पिळून तोंड बंद. एका बोळात दोनच प्रयत्न करा. पाठलाग केलात की पुढं कित्येक दिवस गाडीचा आवाज ऐकूनच सगळी गायब होतात. लोखंडी चिमटा गाडीत ठेवूच नका, दात तुटतात आणि मान जायबंदी होते.

गाडीत घालण्याआधी कानाला खाच (निर्बीजीकरण झाल्याची खूण) आहे का बघा. मादी असेल तर सड दाबून बघा. दूध आलं तर पिल्लं जवळपास आहेत, तिला जागीच सोडा. सहा महिन्यांच्या आतलं कुत्रं 2023 च्या नियमांप्रमाणे उचलायचं नाही.

आता चिठ्ठी, म्हणजे कुत्रं कुठं पकडलं त्याची नोंद. सगळं काम इथं बिघडतं. ‘शिवाजी पेठ’ एवढंच लिहिलं तर त्याचा काही उपयोग नाही. कुठल्या तालमीसमोर, कुठल्या बोळाच्या तोंडाशी, नर की मादी, वेळ आणि मोबाईलवर फोटो, हे सगळं जाळं सोडवण्याआधी झालं पाहिजे. भलत्या गल्लीत सोडलेल्या कुत्र्याला तिथली टोळी फाडते, नाहीतर ते घराकडं निघतं आणि रस्त्यात चिरडतं. वर त्याच्या मूळ जागेवर बाहेरचं, शस्त्रक्रिया न झालेलं कुत्रं येऊन बसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशानं शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं यांच्या आवारातलं कुत्रं परत तिथं सोडायचं नाही. म्हणून फाटकाच्या आत पकडलं की बाहेर, हेही लिहा.

टेबलाजवळून (पशुवैद्यक) :

आदल्या रात्रीपासून खाणं बंद. वजन काट्यावरच करा, रस्त्यावरच्या कुत्र्याचं वजन नजरेनं हमखास चुकतं आणि भूल त्यावरच ठरते. हिरड्या पांढुरक्या दिसल्या की त्या दिवशी शस्त्रक्रिया नको. गोचीडतापात प्लेटलेट्स उतरलेल्या असतात, रक्त थांबत नाही.

उजवं अंडाशय डाव्यापेक्षा पुढं आणि खोल असतं, त्यामुळं तुकडा राहिला तर बहुधा तिथंच राहतो. मग काही महिन्यांनी मादी माजावर येते आणि गल्लीतले लोक म्हणतात, ऑपरेशन झालंच नव्हतं. काढलेली दोन्ही अंडाशयं आणि गर्भाशय ट्रेमध्ये मांडून, बघून, मगच पोट शिवा. टाके विरघळणारे आणि कातडीच्या आतून घाला, काढायला ते कुत्रं पुन्हा सापडणार नाही. पहिल्या चोवीस तासांत आत रक्तवाहिनीला बांधलेली गाठ सुटण्याची भीती असते. संध्याकाळी एकदा तरी प्रत्येकीच्या हिरड्या बघा. पावसाळ्यात नुसत्या फरशीवर ठेवू नका, भुलीत अंग गार पडतं. खाली पोती अंथरा.

नराबद्दल एक. शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो, म्हणून घाईनं निष्कर्ष काढू नका. आणि कानाची खाच म्हणजे निर्बीजीकरण झालं, एवढंच. यंदाची रेबीजची लस दिली की नाही, हे कान सांगत नाही. त्यासाठी रजिस्टर उघडावं लागतं, दर वर्षी.

निवाऱ्यातून :

पार्व्होला (पिल्लांना जुलाब-उलट्या करून मारणारा विषाणू) फिनेलच्या वासानं काही होत नाही. आधी साबणानं घासून घाण काढा, पाण्यानं धुवा, मग ब्लीच 1 भाग आणि पाणी 30 भाग, दहा मिनिटं तसंच ओलं राहू द्या. शेण-विष्ठेवर ब्लीच ओतलं तर ते तिथंच संपतं. ब्लीच आणि ॲसिड एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो. मांजरांच्या खोलीत फिनेल अजिबात नको, ती पंजे चाटतात. रोज झाडलोटीला पिल्लांपासून सुरुवात, मग धडधाकट, आजारी शेवटी. आजाऱ्यांकडं जाताना वेगळे बूट. नवीन आलेलं कुत्रं चौदा दिवस वेगळं ठेवा. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून पिल्लांना मातीच्या अंगणात सोडू नका.

चावा घेतल्यावर :

साबण आणि वाहतं पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, तिखट काही लावू नका. मग सीपीआर (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचा सरकारी दवाखाना. रेबीजच्या लसीच्या कातडीतल्या इंजेक्शनाचे दिवस 0, 3, 7 आणि 28. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही हवं. चावलेलं कुत्रं मारू नका, दहा दिवस नजरेखाली ठेवा. गाडीवरच्या सगळ्यांनी आधीच 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी लस घ्यावी. त्यांना चावल्यावर फक्त 0 आणि 3 हे दोन डोस लागतात.

पुराच्या वेळी (चिखली-आंबेवाडी भागातून) :

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोक्याची 43. जनावरं हलवायची ती 39 ला, कारण 43 ला रस्ता उरेलच असं नाही. 2019 आणि 2021 मध्ये आपण हे बघितलं. नाइलाजानं मागं ठेवलेल्या म्हशीचं दावं सोडा, बांधलेलं जनावर जागेवर बुडतं. छपरावरच्या कुत्र्यावर होडीतून जाळं टाकू नका, ते पाण्यात उडी मारतं. होडी छपराला टेकवा, बोलत राहा, खाणं टाका, फास गळ्यात अलगद घाला आणि तोंडाला पट्टी बांधूनच आत घ्या. गुरांना घटसर्प आणि फऱ्या या पावसाळी रोगांची लस मेमध्येच टोचून घ्या. अंगात प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात आणि पाणी तेवढं थांबत नाही.