मदत हवी आहे: आई नसलेल्या मुलाला 'मीट द रॉबिन्सन्स' दाखवावा का?

खळ्यातली मामी

मंडळी, देवगड तालुक्यातल्या एका वाडीतून लिहितेय. मे महिना, घर पोरांनी भरलंय. मुंबईची चार, शेजारची सहा-सात आणि आमच्याकडे कायमचा राहणारा माझ्या नणंदेचा मुलगा. दिवसा आंबे, रातांबे, समुद्र यांत ती रमतात, पण काळोख पडला की प्रत्येकजण एकेक कोपरा धरून मोबाईलवर. दिरांनी मुंबईहून प्रोजेक्टर आणलाय, म्हणून येत्या शनिवारी खळ्यात पिक्चर लावायचं ठरलं. पोरांचं मतदान झालं: टाइम मशीनवाला हवा, भुताचा नको.

'मीट द रॉबिन्सन्स' (2007) आणि 'मिस्टर पीबॉडी अँड शर्मन' (2014) असे दोन निघाले. मला पहिला आवडतोय, पण अर्धा बघून मी तो बंद केला. कारण आमचा भाचा. दहा वर्षांचा आहे, त्याची आई दोन वर्षांपूर्वी आजारपणात गेली. वडील जहाजावर असतात. पिक्चरमधला लुईस अनाथाश्रमातला आणि सतत यंत्रं बनवणारा. हा आमचा मिक्सर खोलून ठेवणारा. लुईस आईचा चेहरा आठवावा म्हणून मेंदूतल्या आठवणी पडद्यावर दाखवणारं यंत्र बनवतो. तिथेच मी लॅपटॉप मिटला. भाचा मध्यंतरी मला विचारत होता, "मामी, आईचो आवाज तुला आठवता?"

ज्यांनी पूर्ण पाहिलाय त्यांनी शेवट फोडून सांगा, माझी हरकत नाही. आई भेटते का? बारा पोरांमध्ये, सगळ्यांदेखत, त्याला ते सोसेल का? इंग्रजीची चिंता नको, इथल्या पोरांसाठी मी मध्ये मध्ये मालवणीत सांगणार आहे.

पायरी_आंबा

भेटते आणि भेटत नाही. वर्ष 2037 मधून विल्बर नावाचा मुलगा येतो, लुईसला भविष्यात नेतो, तिथे त्याच्या चक्रम खानदानाशी गाठ पडते. गाणारे बेडूक, पाळलेला डायनासोर, काय वाट्टेल ते. सगळं मिटल्यावर विल्बर त्याला त्या पावसाळी रात्री घेऊन जातो, जेव्हा आईने तान्ह्या लुईसला अनाथाश्रमाच्या दारात ठेवलं होतं. तो तिच्या मागे उभा राहतो, हात पुढे करतो आणि मागे घेतो. ती निघून जाते. चेहरा आपल्यालाही दिसत नाही.

मला विचाराल तर लहान मुलांच्या पिक्चरमधला हा सगळ्यात धीट प्रसंग आहे. दिग्दर्शक स्टीफन अँडरसन स्वतः दत्तक गेलेले आहेत, म्हणून तिथे रडारड न करता थांबता आलं असावं. बिनधास्त दाखवा.

सुरंगीचा वळेसर

बिनधास्त नको हो ताई. मी रत्नागिरीची, आमची मुलगी दत्तक आहे. तिच्यासोबत पाहिला तेव्हा ती आठ वर्षांची होती. शेवटच्या त्या प्रसंगाला काही झालं नाही, पण सुरुवातीला लुईसला बघायला जोडपी येतात, नापसंत करून जातात, तिथे ती माझ्या कुशीत शिरली. 'मला पण असं बघायला आला होतात?' असं विचारलं. उत्तर द्यायला आम्ही घरात दोघंच होतो म्हणून बरं. खळ्यात बारा पोरं असती तर तिने विचारलंच नसतं.

आणि दुसरा पर्याय हलकाफुलका म्हणून निवडू नका. 'पीबॉडी'मध्ये हुशार कुत्र्याने माणसाचं पोर दत्तक घेतलंय. इजिप्त, लिओनार्दोचं फ्लॉरेन्स, ट्रॉयचा लाकडी घोडा, सगळी धमाल आहे. पण शाळेत त्या मुलाला 'तू पण कुत्राच' म्हणून छळतात आणि पुढे एक सरकारी बाई त्याला बापापासून तोडायला निघते. आमच्याकडे त्याचाच जास्त त्रास झाला.

खाजणातला बगळा

एक फरक लक्षात घ्या. लुईसची आई त्याला ठेवून गेली. तुमच्या भाच्याची आई वारली. ठेवून गेलेल्या आईबद्दल मूल विचारतं 'का गेली'. वारलेल्या आईबद्दल विचारतं 'परत जाऊन वाचवता येईल का'. टाइम मशीनच्या पिक्चरमध्ये हा दुसरा प्रश्न जास्त धोक्याचा. माझे वडील गेले तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि वर्षभर मनात गाडीची वेळ बदलत बसायचो.

चिपी_ते_चर्चगेट

माझी वेगळीच तक्रार. 'रॉबिन्सन्स'मध्ये खलनायकाच्या डोक्यावर एक दुष्ट यंत्र-टोपी असते, लुईसनेच मोठेपणी बनवलेली. तिला लुईस म्हणतो, मी तुला कधी बनवणारच नाही, आणि ती गायब! मग तिने केलेला सगळा गोंधळ झाला कसा? आमच्या पोराने तासभर डोकं खाल्लं.

पायरी_आंबा

देवळात गाऱ्हाणं घातल्यावर हा प्रश्न विचारता का? मग इथेपण नको.

बांगडो फ्राय

माका विचारशात तर डोरेमॉन लावा. सगळ्यांका म्हायत आसा, हिंदीत आसा, समजवूक नको. 'स्टँड बाय मी डोरेमॉन 2' मधी नोबिता टाइम मशीन घेवन आपल्या वारलेल्या आजयेक भेटाक जाता. आजी म्हणता, तुझी बायको बघूची आसा. माझी पोरां हसली आणि मी खांबाआड जावन डोळे पुसलंय.

खळ्यातली मामी

सगळ्यांचे आभार. बगळाभाऊ, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही, पण तेच कामाला आलं. काल दुपारी बाकीची पोरं खाडीवर गेली, तेव्हा भाच्याला म्हटलं, शनिवारचा पिक्चर आधी आपण दोघं बघू, प्रोजेक्टर तूच चालवायचा आहेस. माजघरात लॅपटॉपवर पाहिला. जोडप्यांचा प्रसंग आला तेव्हा मी त्याच्याकडे बघत होते आणि तो फणसाचे गरे खात होता. यंत्र फुटून सगळ्यांच्या अंगावर खाणं उडतं आणि घरचे लोक, फसलं म्हणून टाळ्या वाजवतात, तिथे मात्र पोट धरून हसला. (मिक्सरची आठवण मी काढली नाही.)

आईच्या प्रसंगाला गप्प होता. मीही. मग म्हणाला, "हात लावलो असतो तर ती वळली असती." मी म्हटलं, हो. पुढे काही नाही.

पण रात्री जेवताना त्याचं सगळं बोलणं गूबबद्दल. गूब म्हणजे लुईसचा खोलीतला दोस्त. लुईस रात्रभर खाटखूट करतो, म्हणून याची झोप होत नाही, मॅचमध्ये शेवटचा झेल सुटतो, आणि त्या रागापायी मोठेपणी तो गोल टोपीवाला खलनायक होतो. लुईस परत जाऊन त्याला वेळेवर जागं करतो, एवढंच. भाचा म्हणाला, "त्याका आधीच झोपाक दिल्यान असता तर पिक्चरच झालो नसतो." आणि मग हळूच, मुंबईचा मोठा भाऊ त्याच्याच खोलीत झोपतो, त्याला आवाजाचा त्रास होतो का, हे मला विचारलं. होतो. तो बिचारा बोलला नव्हता. आजपासून स्क्रूड्रायव्हर रात्री नऊला डब्यात.

तर शनिवारी 'रॉबिन्सन्स' नक्की. सुरंगीताई, तुमच्यामुळे आधी बघितला, नाहीतर मी सरळ सगळ्यांत लावला असता.

आता शेवटची मदत: पडद्याला सासऱ्यांचं धोतर चालेल का?

बांगडो फ्राय

धोतर नको, उजेड आरपार जाता. जाड पांढरी चादर दुहेरी करा, खालच्या काठीक दगड बांधा. आणि प्रोजेक्टर पडवीत ठेवा, वळीव कधी येयत सांगता येणा नाय.

चिपी_ते_चर्चगेट

पावसाने खरे बेडूक सुरू झाले तर गाण्याचा आवाज वाढवा.