अनुभव धागा: तुमच्या भागातलं अँग्लिकन परंपरेचं चर्च, कसे गेलात आणि कसे रमलात?

जय ख्रिस्त मंडळी, नमस्कार. बरेच दिवस मनात होतं म्हणून धागा काढतेय. आपल्याकडची सीएनआयची म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची चर्चेस असोत (१९७० साली नागपुरात सहा चर्च-संघटना एक झाल्या, त्यातली एक अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतली) किंवा परदेशातल्यांची चर्च ऑफ इंग्लंडची पॅरिश म्हणजे त्या भागातलं चर्च असो, पहिल्यांदा कशामुळे गेलात आणि मुख्य म्हणजे परत का गेलात ते लिहा. ख्रिस्ती असाल नसाल, सगळ्यांनी लिहा.

माझं आधी सांगते. माहेर नगरचं, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनची परंपरा, साधी उपासना, लांब उपदेश आणि पेटी-तबल्यावर भजनं. लग्न होऊन पुण्यात आले ती पंचहौदच्या पवित्र नाम देवालयात, हो तेच, १८९० च्या चहा प्रकरणाचं (टिळक-रानडे मिशनऱ्यांकडे चहाला गेले म्हणून गाजलेलं) पंचहौद मिशन. तिथे सगळं पुस्तकातून, आचार्य म्हणजे धर्मगुरू एक ओळ म्हणणार, मंडळी उत्तर देणार, कधी उभं राहायचं कधी गुडघे टेकायचे. मला पटायचं नाही, पाठ केलेली प्रार्थना ती कसली प्रार्थना. पण सासरे गेले तेव्हा मला स्वतःचे शब्दच सुचेनात, आणि त्या छापील ओळी मात्र तोंडून आपोआप येत होत्या, शेजारी सगळी मंडळी त्याच म्हणत होती, तेव्हा कळलं की या कशासाठी असतात. आता वेदीच्या फुलांचं काम करते. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, वेदीवर फुलं नसतात, तेवढे दिवस ती मोकळी बघायची सवय होते आणि मग ईस्टरच्या आदल्या दिवशी आम्ही बायका मंडईतून निशिगंध, लिली आणून ती भरतो. वर्षातला माझा सगळ्यात आवडता दिवस.

---

मी हिंदू, कुलाब्यात नोकरी. अफगाण चर्च बाहेरून रोज बघायचो, एकदा आत गेलो. १८५८ चं बांधकाम, पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ. तिथल्या काकांनी भिंतीवरच्या पाट्या दाखवल्या आणि म्हणाले रविवारी या, रिकामं बघून चर्च कळत नाही. गेलो. एवढ्या मोठ्या वास्तूत मोजकी माणसं, पण गाणी सगळे मोकळ्या आवाजात म्हणत होते. अजून अधूनमधून जातो.

---

आम्ही बर्मिंगहॅमजवळ राहतो. मुलगी लहान, नवरा ऑफिसला, नोव्हेंबरात चार-साडेचारला अंधार आणि ओळखीचं कुणी नाही, अशात कुणीतरी सांगितलं चर्चच्या हॉलमध्ये आठवड्यातून एकदा लहान मुलांचा ग्रुप असतो, खेळणी असतात, चहा असतो, म्हणून गेले आणि जातच राहिले. धर्म कुणी विचारला नाही. मग हार्वेस्ट फेस्टिव्हलला सगळ्यांनी आणलेले टिनचे डबे, पास्ता वगैरे फूडबँकेसाठी लावायचे होते त्याला हात लावला, तेव्हापासून ते काम माझ्याकडेच आहे. रविवारीही जाते कधी कधी. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा प्रसाद) घेत नाही, पण रांगेत पुढे जाऊन हात छातीवर आडवे धरले की व्हिकर म्हणजे पॅरिशचे धर्मगुरू आशीर्वाद देतात. आमच्या व्हिकर बाई आहेत, इंग्लंडमध्ये १९९४ पासून बायकांना ही दीक्षा मिळते. घरच्या गणपतीला त्यांना बोलावलं होतं, आरतीला शेवटपर्यंत उभ्या होत्या आणि मोदकाची रेसिपी लिहून घेऊन गेल्या. परक्या देशात मला इतकं आपलं दुसरीकडे कुठे वाटलं नाही.

---

नाशिकचा, आता केंटमध्ये. बाप्तिस्मा आणि दृढीकरण (स्वतः श्रद्धा जाहीर करण्याचा विधी) सीएनआयचं, त्यामुळे इथे पहिल्याच रविवारी प्रभुभोजनाला पुढे गेलो. पुढे पॅरिशच्या इलेक्टोरल रोलवर म्हणजे मतदार यादीत नाव लावलं आणि दोन वर्षांनी पीसीसीवर म्हणजे पॅरिशच्या कमिटीवर निवडून आलो. लोकांना वाटतं इथल्या चर्चला सरकार पैसा देतं. तसं नाहीये हो! पॅरिश चालते ती मंडळीच्या देणगीवर, छप्पर गळतं तर निधी आपणच उभा करायचा, वर जुन्या इमारतीत काही मोठा बदल करायचा तर डायोसिसची म्हणजे बिशपच्या विभागाची परवानगी काढायची. मीटिंगा लांबतात, पण सत्तरीतली माणसं पावसात येऊन गटारं साफ करतात ते बघितल्यावर घरी बसवत नाही. तरुण कमी आहेत ही खरी काळजी. जे इथे राहतात त्यांनी कृपया जा.

---

+१. मी देव मानत नाही पण घंटा वाजवायला जातो. दोर ओढायचं तंत्र शिकायलाच बरेच महिने गेले. गावातली निम्मी ओळख त्या टॉवरमधली.

---

वाचून फार बरं वाटलं. मला पुण्यात जायचंय, कधी आणि कसं जाऊ? कपडे, डोक्यावर पदर वगैरे काही?

---

@वरच्या ताई, साधे नीटनेटके कपडे पुरेत. मराठी आणि इंग्रजी उपासनेच्या वेळा बऱ्याच ठिकाणी वेगळ्या असतात, आधी विचारून घ्या. मागे बसा, पुढचे उभे राहिले की उभ्या राहा. मधे सगळे एकमेकांना शांतीची सलामी देतात, तेव्हा हात पुढे करा. दानाची पिशवी आली तर टाकलंच पाहिजे असं नाही. फक्त पहिल्यांदा नाताळला जाऊ नका, त्या गर्दीत कुणाशी धड बोलणं होत नाही, एखाद्या साध्या रविवारी जा.