सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी पहाटे चारला धडधडून जाग येते

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी, वय ४१, डोंबिवली. गेल्या वर्षी आईला पॅरालिसिसचा झटका आला, गावी भाऊ बघतो सगळं पण फोन वाजला की पोटात गोळाच येतो, आणि आता सहा महिने झाले रोज पहाटे चारच्या सुमाराला धडधडून जाग येते, तळहाताला घाम, जबडा इतका आवळलेला की सकाळी पोळी चावताना कानापाशी दुखतं. ईसीजी, टूडी इको झालं, नॉर्मल. घरचे म्हणतात मनाचे खेळ. मी काय सोंग करतेय का? मैत्रीण म्हणते कॉर्टिसॉलची, म्हणजे त्या टेन्शनच्या हार्मोनची टेस्ट कर. करू का?

रानजाई:
सोंग अजिबात नाही ताई. मी फिजिऑलॉजी शिकवते म्हणून जरा सविस्तर लिहिते. दोन्ही किडन्यांवर टोपीसारख्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी असतात. कुत्रं मागे लागलं की त्यांच्या आतल्या भागातून सेकंदात अ‍ॅड्रिनलिन सुटतं, छाती धडधडते, पोटाकडचं रक्त हातापायांकडे वळतं. मागोमाग बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल, ते लिव्हरला साखर सोडायला लावतं. कुत्रं निघून गेलं की सगळं उतरतं. पण तुमचा फोन दिवसभर उशाशीच आहे ना, शरीराला वाटतं कुत्रं अजून दारातच बसलंय. मग मान, जबडा आवळलेलेच राहतात, पोट बिघडतं, बीपी आणि शुगरवरही परिणाम होऊ शकतो. आणि कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी असतं, पहाटेपासून चढायला लागतं, तेव्हाच झोपही हलकी असते, म्हणून जरा काळजी असली तरी नेमकी तेव्हाच जाग.
कॉर्टिसॉलची टेस्ट कुशिंग (कॉर्टिसॉल फार जास्त), अ‍ॅडिसन (फार कमी) असल्या आजारांचा संशय असेल तर करतात, टेन्शन मोजायला नाही. त्यापेक्षा टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि हिमोग्लोबिन झालंय का? थायरॉइड वाढला तरी अशीच धडधड होते.

गावठाण६२:
रोज रात्री दुधातून अश्वगंधा घ्या, गुण येतो.

रानजाई:
काका, विचारल्याशिवाय नको. थायरॉइडच्या गोळीबरोबर गडबड होऊ शकते, आणि लिव्हरला त्रास झालेल्या केसेस आहेत.

सांजवेळ:
बाबा गेले तेव्हा मी धीटपणे सगळं निभावलं आणि तीन महिन्यांनी केस मुठीमुठीने गळायला लागले, बाथरूमची जाळी रोज तुंबायची, मी घाबरून तेलं बदलत बसले. डॉक्टरांनी सांगितलं की मोठा धक्का बसला की केस दोन-तीन महिन्यांनी गळतात, बहुतेकदा परत येतात. आले. मला कामाला आलेलं सांगते, पाच कप चहाचे दोन केले, दुपारी चारनंतर बंद. जाग आली की चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं तरी. पण खरा फरक काउन्सेलरकडे गेल्यावर पडला, उशीर केला याचंच वाईट वाटतं. सरकारची टेलिमानस लाइन आहे, १४४१६, फुकट, मराठीत बोलता येतं.

पाऊलवाट:
वाचता वाचता रडू आलं, कुणीतरी खरं मानलं. टीएसएच उद्याच करते. आणि भावाशी बोलले, आता तो रोज रात्री नऊला फोन करणार, अधेमधे फक्त तातडीचं असेल तरच आणि त्यासाठी त्याची रिंग वेगळी लावलीय, म्हणजे बाकी कुठलाही फोन वाजला तर तो आईचा नाही हे मला कळेल.